जिजीची साक्ष

एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि चंचलतेच्या त्रासाची, तपासणी धड झाली की नुसती उरकली, हे ओळखायची माझी खूण सोपी आहे. डॉक्टरांनी तुमच्याशिवाय आणखी कोणाला विचारलं? आईला, नवऱ्याला, शाळेतल्या बाईंना, ऑफिसात शेजारी बसणाऱ्याला? कोणालाच विचारलं नसेल, तर हातात कितीही गुळगुळीत कागद पडलेले असोत, माझ्या लेखी तपासणी अर्धीच झाली. हे मत मी जळगावात राहून, खेटे घालून बनवलंय. पुस्तकं नंतर वाचली. त्यांचंही म्हणणं तेच निघालं.

मी जीएसटीची रिटर्नं भरून देते. डाळमिलवाले, ठिबकचे डीलर, एकदोन सराफ, कापडवाले. महिन्याची वीस तारीख आमच्या धंद्यात सासूसारखी असते (ही उपमा माझ्या सासूबाईंनी वाचू नये). ३बी म्हणजे महिन्याचं रिटर्न त्या तारखेपर्यंत भरायचं, उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी, व्यवहार शून्य असेल तर २०. पार्टीनं कागद वेळेवर दिलेले असतील तर ती फी पार्टीनं का भरावी? मग ती माझ्या खिशातून जाते. यात काम अवघड म्हणून राहून जातं असं नाही. दोन वह्यांतला पैशापैशाचा फरक मी अर्ध्या रात्रीत शोधून काढते, चार जणांच्या नजरेतून सुटलेलं बिल मला बरोबर दिसतं. सगळं जुळवून झालं की शेवटचं बटण दाबायचं राहतं. ते चार दिवस तसंच राहतं. मधल्या काळात मी स्वयंपाकघरातले सगळे डबे घासून, लेबलं लावून ठेवलेले असतात.

याला नाव असू शकतं, हे पुण्याच्या बहिणीमुळे कळलं. तिच्या मुलाची तपासणी चालली होती. शाळेनं दिलेला फॉर्म तिनं मला फोनवर वाचून दाखवला आणि मधेच थांबून म्हणाली, "ताई, हे पोराचं चाललंय की तुझं?" एडीएचडी घराण्यात चालतो. जुळ्या भावंडांवर झालेल्या अभ्यासांतून त्याची आनुवंशिकता साधारण ७० ते ८० टक्के धरली जाते, म्हणजे जवळजवळ उंचीइतकी. भाच्यात सापडला म्हटल्यावर मावशीकडे बघणं हा काही अंधारातला बाण नव्हता.

आमच्याकडे लगेच निघणारा दुसरा मुद्दा म्हणजे, हे सगळं मोबाईलनं केलंय. माझे काकासासरे तर छातीठोकपणे सांगतात. मी अमळनेरला शाळेत जात होते तेव्हा आमच्या गल्लीत फोनच एकाच घरी होता, तोही कुलूप लावलेला. जॉर्ज स्टिल नावाच्या इंग्रज डॉक्टरांनी लंडनमध्ये अशा मुलांवर व्याख्यानं दिली ती १९०२ साली. मोबाईलनं लक्ष पांगतं हे खरंच आहे, पण जे लक्ष मोबाईल येण्याआधीपासून पांगलेलं आहे त्याचं काय करायचं, हा प्रश्न वेगळा.

तर, आधी मी एका मोठ्या शहरात गेले. नाव गाव सांगत नाही. तिथं 'पॅकेज' होतं. डोक्याला तारा चिकटवल्या, कॉम्प्युटरवर ठिपका दिसला की बटण दाबायचा खेळ खेळायला लावला, आणि संध्याकाळी लाल-निळ्या रंगातल्या मेंदूच्या चित्रांसकट जाडजूड फाईल हातात दिली. निदान: एडीएचडी. डॉक्टर प्रत्यक्ष भेटले ते चहा संपेपर्यंत. लहानपणी कशी होतीस, झोप कशी, पाळी कशी, घरात कोणाला काही आहे का, यातलं एकही वाक्य त्यांच्या तोंडून आलं नाही. फाईल बघून मला आनंदच झाला होता, हेही सांगायला हवं. इतकी वर्षं लोक आळशी म्हणत होते, आता रंगीत पुरावा हातात होता.

पण त्या फाईलचं पुढं काय करायचं ते कोणी सांगेना. फोन केला तर पुढच्या पॅकेजची किंमत सांगायचे.

एडीएचडीचं निदान आजघडीला कुठल्याही रक्ततपासणीनं, ईईजीनं (त्या डोक्याला लावलेल्या तारा) किंवा एमआरआयनं होत नाही. कॉम्प्युटरवरची लक्ष मोजायची चाचणी फार तर जोडीला एक माहिती देते. नव्या खेळात अर्धा तास माझं लक्ष उत्तम लागतं, त्यावरून माझ्या विसाव्या तारखेबद्दल काय कळणार? निदान होतं ते इतिहासावरून. डीएसएम-५ या २०१३ सालच्या अमेरिकन नियमावलीत लक्ष न लागण्याची नऊ आणि चंचलता-उतावळेपणाची नऊ लक्षणं दिली आहेत. मुलांमध्ये एका गटातली किमान सहा, सतरा वर्षं पूर्ण झालेल्यांमध्ये पाच. ती सहा महिने तरी टिकून. एकापेक्षा जास्त ठिकाणी, म्हणजे घरीही आणि कामावरही. त्यांच्यामुळे खरोखर नुकसान होत असलेलं. दुसऱ्या कुठल्या आजारानं त्यांचा उलगडा होत नसलेला. आणि त्यातली बरीचशी वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली. आधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. ती वाढवली कारण शांत, खिडकीबाहेर बघत बसणारी मुलं, आणि त्यातही मुली, त्या वयात कोणाच्या नजरेत भरत नाहीत. वर्गातून उठून पळणारा पोरगा सगळ्या शाळेला माहीत असतो. मागच्या बाकावर वहीच्या कोपऱ्यात वेली काढणारी पोरगी 'गुणी' ठरते आणि सातवी-आठवीत अभ्यास वाढला की अचानक 'आळशी'.

ही बारा वर्षांची अट मोठ्या माणसाच्या तपासणीत सगळ्यात कठीण. चाळिशीतल्या बाईनं स्वतःचं तिसरीतलं वागणं कुठून आठवून सांगायचं? आणि आठवलं तरी ते आजच्या शंकेच्या रंगानं रंगलेलं असणार.

जळगावातच ज्या मानसोपचारतज्ज्ञ मॅडमकडे मग मी गेले, त्यांच्याकडे बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या आणि डोक्यावर आवाज करणारा पंखा. माझी रंगीत फाईल त्यांनी नमस्कार केल्यासारखी घेतली, चाळली आणि बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "आई आहेत का तुमच्या? त्यांना घेऊन या. आणि शाळेतलं काही सापडलं तर तेही." पहिल्या भेटीत ना गोळी, ना निदान. मी जरा हिरमुसलेच. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, फी घेतली आणि उलट मलाच काम लावलं.

अमळनेरच्या घरी माळ्यावर लोखंडी पेटी आहे. माझा भाऊ वर चढला आणि त्यानं एकेक वस्तू खाली दिली: वडिलांच्या मिलमधल्या पगाराच्या चिठ्ठ्या, वीजबिलांचे गठ्ठे, लग्नपत्रिका, आणि तळाशी आम्हा भावंडांची प्रगतीपुस्तकं सुतळीनं बांधलेली. जिजीनं, म्हणजे माझ्या आईनं, काहीच फेकलेलं नव्हतं. माझ्या चौथीच्या पुस्तकात गुण बरे होते. शेऱ्याच्या रकान्यात निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात: 'हुशार आहे. वर्गात लक्ष नसते. वही अपूर्ण.' पाचवीत बाई बदलल्या, शेरा तोच. सहावीत नुसतं 'वही अपूर्ण'. एकमेकींना न विचारता तीन शिक्षिकांनी एकच गोष्ट लिहून ठेवली होती, आणि ती इतकी वर्षं झुरळांच्या गोळ्यांच्या वासात पडून होती.

जिजी मात्र यायला तयार नव्हती. डोक्याच्या डॉक्टरकडे कशाला? कोणी बघितलं तर? तिला वाटलं मी सासरच्यांशी भांडून काहीतरी ठरवलंय. शेवटी भावानं तिला डोळे तपासायला म्हणून गाडीत बसवलं आणि धरणगाव गेल्यावर खरं सांगितलं. ती उरलेला रस्ता बोलली नाही.

मॅडमसमोर बसल्या बसल्या तिनं आमच्या अहिराणीत जाहीर केलं, "मनी पोर येडी नही शे."

मॅडम हसल्या नाहीत, समजावलंही नाही. "नाहीच आहेत," एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी जे केलं ते मी नंतर पुष्कळदा आठवून बघितलं, कारण तपासणी करणं म्हणजे काय ते मला तिथं कळलं. त्यांनी लक्षणांचा कागद काढला नाही. मुलीचं लक्ष लागायचं का, असं विचारलं नाही; विचारलं असतं तर जिजीनं माझी बाजू घेतली असती. त्यांनी विचारलं, "शाळेच्या दिवशी सकाळी घरात काय काय व्हायचं?"

आणि जिजी सुटली. एक चप्पल पलंगाखाली, दुसरी मोरीत. पट्टा सापडला की वेणी राहायची. दप्तर भरलं की डबा राहायचा, आणि डबा द्यायला धाकट्या भावाला पळत पाठवायचं. दळणाला पाठवलं तर, "दयन ली जाये नि डबा गिरनीवरच इसरी ये." म्हणजे दळण घेऊन जायची आणि डबा गिरणीवरच विसरून यायची. गिरणीवाल्यानं म्हणे आमचा डबा ओळखून वेगळा ठेवायला सुरुवात केली होती. हे मला माहीतच नव्हतं. बोलताना मधेच तोडायची, पाहुण्यांचं वाक्य पुरं करायची, त्यावरून मार खाल्लेला. पण गोष्टीचं पुस्तक हातात पडलं की घरात आग लागली तरी उठायची नाही. मॅडम मधेमधे फक्त "मग?" म्हणत होत्या आणि लिहीत होत्या. "तुमच्या बाकीच्या मुलांचंही असंच असेल ना, लहानपणी?" त्यांनी सहज विचारलं. जिजी म्हणाली, छे, ते दोघं सरळ. "हुशार व्हती, पन ध्यान ठिकानावर नही राहे."

हा बाकीच्या मुलांचा प्रश्न मला फार आवडला. मुलं विसरतातच, सगळीच. प्रश्न असतो त्याच घरात, त्याच वयात, त्याच आईच्या हाताखाली वाढलेल्यांपेक्षा वेगळं किती.

नवऱ्यालाही फॉर्म दिला होता. त्यानं घरात शांतता राहावी म्हणून प्रत्येक ओळीपुढे 'कधीकधी'वर टिकमार्क केला. मॅडमनी त्याला फोन लावला आणि कधीकधी म्हणजे महिन्यातून किती वेळा, एवढंच विचारत राहिल्या. फोन ठेवल्यावर तो बराच वेळ माझ्याशी अदबीनं वागत होता, त्यावरून त्यानं काय काय सांगितलं असेल याचा मी अंदाज बांधला.

त्यांनी रक्त तपासायला लावलं, पण एडीएचडी शोधायला नाही. थायरॉईड आणि हिमोग्लोबिन. दोन्हींच्या बिघाडानं माणूस थकतं, विसरतं, आणि आमच्याकडच्या बायकांत या दोन्ही बिघाडांची वानवा नाही. झोपेबद्दल विचारलं, घोरण्याबद्दल, लहानपणी आकडी आली होती का, वडील गेले तेव्हाच्या काळाबद्दल. कारण चिंता, उदासी, अपुरी झोप यांतली प्रत्येक गोष्ट बाहेरून एडीएचडीसारखी दिसू शकते, आणि बरेचदा त्याच्या जोडीनंही असते. माझ्याकडे चिंता जोडीनं निघाली. मुलांच्या बाबतीत यात कान आणि डोळे तपासणंही धरायचं. फळ्यावरचं न दिसणारं पोर लक्ष देत नाही असंच दिसतं, आणि काही सेकंद हरवून बसणाऱ्या पोराला कधी बारीक आकडी येत असते. चांगल्या रिपोर्टात तुम्हाला काय नाही हेही लिहिलेलं असतं. माझा दुसरा रिपोर्ट दीड पानाचा होता, चित्र एकही नव्हतं.

मुलांचे आईबाप मला आता गाठून विचारतात, त्यात 'आयक्यू टेस्ट' हा शब्द हटकून असतो. बुद्ध्यंक काढून एडीएचडी ठरत नाही. ती चाचणी लागते ती मूल मुळातच मागे पडतंय का किंवा वाचन-लेखनाची अक्षमता जोडीला आहे का हे बघायला. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा, त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे हीच वाचन-लेखनाची अक्षमता, त्या यादीत आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. त्यामुळे ज्या मुलाला दोन्ही आहेत त्याला दाखल्याची वाट अध्ययन अक्षमतेतून मिळते, हे ठाऊक नसेल तर वर्ष जातं. चाचणी करणारे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायचा. विचारायला लाजायचं नाही. सोनं घेताना हॉलमार्क बघतोच की आपण, तेही जळगावात.

सरकारी वाट नाही असं नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यांचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येऊन अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, आणि त्यांच्या तीस आजारांच्या यादीत एडीएचडी लिहिलेला आहे. मी शिक्षकांना सांगते, पथक येईल त्या दिवशी तुमच्या मनातली नावं तयार ठेवा. एका दिवसात अख्खी शाळा बघणाऱ्या माणसाला मागच्या बाकावरची गुणी पोर दिसणार नाही, ती तुम्हालाच दाखवावी लागेल. चौदा चार सोळा, १४४१६, ही टेली-मानसची, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइनही आहे, ऑक्टोबर २०२२ पासून. फोनवर निदान होत नाही, पण कुठं जायचं ते सुटतं.

निदान झालं, इथं लोकांना वाटतं काम झालं. माझ्या मते खरी परीक्षा इथून पुढं, आणि ती रुग्णाची कमी, डॉक्टरची जास्त.

औषधाचं आधी सांगते. मिथाईलफेनिडेट हे एडीएचडीचं जगभर वापरलं जाणारं औषध. आपल्याकडे ते शेड्यूल एक्समध्ये येतं आणि १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्याखालीही. म्हणजे ते विकायला दुकानदाराला वेगळा परवाना लागतो, माल कुलपात ठेवावा लागतो, चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत त्यानं दोन वर्षं सांभाळायची. इतका व्याप कोण करतो? गावात मेडिकल पन्नास, त्यातल्या बहुतेकांकडे ते नसतं. नाव उच्चारलं की काउंटरवरचा पोरगा आधी तुमच्याकडे, मग तुमच्या मागं रांगेत कोण आहे त्याच्याकडे बघतो. मी चिठ्ठी पुढं केली की एक दुकानदार आवाज खाली आणायचे, जणू मी काही चोरीचं विचारतेय. आता ज्यांच्याकडे जाते ते भाऊ चिठ्ठीवर शिक्का मारतात, रजिस्टरला चढवतात आणि मोठ्यानं विचारतात, "ताई, वीस तारीख निघाली का?"

दूरवरच्या माणसाला खरा फटका दुसऱ्या नियमाचा बसतो. २५ मार्च २०२०, टाळेबंदी लागली त्याच दिवशी टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वं आली. त्यांत शेड्यूल एक्सची औषधं व्हिडिओवर लिहून द्यायला सरळ मनाई आहे. कारण समजतं, गैरवापर होऊ शकतो. पण याचा अर्थ असा की पुण्या-मुंबईचे नावाजलेले डॉक्टर धडगावच्या किंवा अक्कलकुव्याच्या माणसाशी फोनवर तासभर बोलतील, तरी ही एक गोळी लिहून देऊ शकणार नाहीत. त्याला प्रत्यक्षच यावं लागेल, दर खेपेला, घाट उतरून, मजुरी बुडवून, मे महिन्यात पंचेचाळीस डिग्रीत. म्हणून मी विचारणाऱ्यांना सांगते की मोठ्या शहरात एकदा जाऊन या हवं तर, पण ज्याच्याकडे वारंवार जाता येईल असा डॉक्टर जवळचा शोधा. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथल्या मानसोपचार विभागाचा केसपेपर काढून बघायला काय हरकत आहे? अ‍ॅटोमॉक्सेटिन नावाचं दुसरं औषध त्या कडक यादीत नाही. ते नेहमीच्या चिठ्ठीवर मिळतं, पण पूर्ण गुण यायला कित्येक आठवडे घेतं, आणि तेवढ्या काळात काही होत नाही म्हणून सोडून देणारे मी पाहिलेत.

मॅडमच्या बाहेरच्या खुर्च्यांवर चोपड्याकडचे एक भाऊ भेटले, दहा-अकरा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेले. आधी दुसरीकडे कुठं तरी गोळी चालू झाली होती. पोर जेवेना, संध्याकाळी चिडचिड करायला लागलं. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं की डोस कमी करता येतो, वेळ बदलता येते, औषध बदलता येतं. त्यांनी गोळी बंद केली आणि वर्षभर कुठं गेलेच नाहीत. त्यांच्या हिशेबानं औषध लागू पडलं नव्हतं. मला वाटतं औषधाला पुरती संधीच मिळाली नव्हती. आत गेल्यावर मॅडमनी त्या मुलाची उंची आणि वजन मोजलेलं मला दारातून दिसलं, नाडी आणि बीपी घेतलं. दर भेटीला घेतात. मुलांच्या बाबतीत हे औषध चालू असताना उंची-वजनाची नोंद ठेवायचीच असते, आणि जिथं वजनकाटा धूळ खात पडलाय तिथं पुढच्या भेटीला दुसरी जागा बघावी. सहा वर्षांखालच्या मुलांना तर आधी औषधच नाही, आधी आईबापांचं प्रशिक्षण.

माझी गोळी चालू करण्याआधी त्यांनी घरात तरुणपणी कोणी हृदयानं अचानक गेलं का, हे विचारलं. कमी डोसपासून सुरुवात झाली. पहिल्या आठवड्यात मला वाटलं होतं आभाळ फाटेल, तसलं काही झालं नाही. झालं ते असं की एका दुपारी मी रिटर्न जुळवलं आणि लगेच भरलं. मधे डबे घासले नाहीत. एवढंच. तोटेही आले. दुपारची भूक मेली. थंडीत दिराच्या शेतावर भरीत पार्टी होती, काट्याकुट्यावर भाजलेली वांगी, कळण्याच्या पुऱ्या, ठेचा, आणि मी दोन घास खाऊन गप्प. खान्देशात भरिताला नाही म्हणणारी सून म्हणजे घरात काहीतरी शिजतंय, असाच अर्थ निघतो. सासूबाई चार दिवस माझ्या पोटाकडे बघत होत्या.

हे मी मॅडमना सांगितलं तेव्हा त्या मनापासून हसल्या आणि मग गोळीची वेळ नाश्त्यानंतर केली.

त्यांचा पुढच्या भेटीचा प्रश्न 'कसं वाटतंय?' असा कधीच नसतो. त्या विचारतात, "या महिन्यात लेट फी किती?" मी चलनं घेऊन जाते. सुरुवातीलाच त्यांनी मला विचारून ठेवलं होतं की कशात फरक पडला तर औषधाचा उपयोग झाला असं तुम्ही मानाल. मी म्हटलं, लेट फी, आणि मुलीवर ओरडणं. पहिली गोष्ट चलनावर दिसते, दुसरी त्या मुलीलाच विचारतात. लेट फी झपाट्यानं उतरली. ओरडणं उतरलं नाही; उलट संध्याकाळी गोळीचा अंमल ओसरताना वाढलं. मी स्वतःहून हे सांगितलं नसतं, मुलीनं सांगितलं. त्यावर डोस बदलला, चिंतेसाठी समुपदेशन सुरू झालं, आणि संध्याकाळी सहा ते सात मी पार्ट्यांचे फोन घेणं बंद केलं. शेवटची युक्ती कुठल्या नियमावलीत नसेल, पण काम करते. कामातली दुसरी युक्ती शेजारच्या मुलीमुळे सापडली. ती सीएची तयारी करते, अठरा ते वीस तारखेला माझ्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला येऊन अभ्यासाला बसते. काही बोलत नाही. तिच्यासमोर उठून डबे घासायला जायची मला लाज वाटते.

जिजी अजून हे औषध मानत नाही. तिच्या मते मला लहानपणी नजर लागली होती आणि आता उतरली. पण कोणी शेजारीण नातवाची तक्रार सांगायला लागली की ती आता सल्ला देते: डॉक्टरकडे एकटी सूनबाई नको, तूही जा, आणि शाळेतली पुस्तकं ने. गल्लीत यातली जाणकार म्हणून तिची ख्याती झालीय.

मॅडम येत्या वर्षी दवाखाना कमी करून मुलाकडे जाणार आहेत. मधे त्या दोन महिने रजेवर होत्या तेव्हा दुसऱ्या डॉक्टरांनी माझं सगळं पहिल्यापासून मांडायला घेतलं होतं, त्या रंगीत फाईलसकट, आणि थेट मूळ डोसवर नेऊन ठेवायला निघाले होते. म्हणून या वेळी मी मॅडमकडून सारांशपत्र मागून घेतलं. त्यांनी तिथंच बसून लिहिलं: निदान कशाच्या आधारावर, आईनं काय सांगितलं, प्रगतीपुस्तकातले शेरे, थायरॉईडचा आकडा, कोणतं औषध किती दिवस, नाडी कधी वाढली, भूक कधी गेली. डोस मार्चमध्ये का कमी केला, त्याचं कारण शेवटच्या ओळीत आहे. नवे डॉक्टर कोणी का असेनात, त्यांना मी ती ओळ आधी वाचायला लावणार आहे.